गाणं कुणाचं?

तर झालं असं की मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. शनिवारी साडेआठला फोन म्हणजे एक तर प्रॉडक्शन सर्व्हर झोपलाय, नाही तर घरी कुणीतरी आजारी आहे. दोन्ही नव्हतं. आमचा गिटारवाला होता. (होस्टेलवर चार वर्षं माझा रूममेट. आता माझ्यासारखाच आयटी हमाल, आणि शनिवार-रविवार एका बँडचा निम्मा हिस्सा.)

"अरे, तुला ते लायसन्स-बियन्स वाचायची सवय आहे ना? एक अ‍ॅग्रीमेंट आलंय. वाचून सांग, सही करू का."

सवय आहे हे खरं. ऑफिसात कुठलीही ओपन सोर्स लायब्ररी वापरायची म्हटली की तिचं लायसन्स वाचायचं काम माझ्याकडे येतं, कारण एकदा चुकून मी ते शेवटपर्यंत वाचलं होतं. तेव्हापासून टीममधला 'वकील' मीच. खरा वकील मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तासाभरात आम्ही अमृततुल्यात बसलो. अ‍ॅग्रीमेंट ११ पानांचं. एका म्युझिक कंपनीला त्याचं एक मराठी गाणं आवडलं होतं. शब्द त्याच्या मावशीचे (वाईला असते, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका), चाल याची, गायलंय पण यानेच. कंपनी २५,००० रुपये एकरकमी देणार, वर व्हिडिओ काढून देणार. स्टुडिओचं बिल थकलेलं असल्यामुळे साहेब सही करायला पेन घेऊनच आले होते.

बदल्यात काय, ते चौथ्या पानावर होतं. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, सगळ्याचे सगळे हक्क, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे. 'विश्वात' हा शब्द खरंच होता! म्हणजे उद्या मंगळावर कुणी हे गाणं वाजवलं तरी पैसे कंपनीचे. आणि पहिल्या पानावर 'लेखक' म्हणून एकच नाव होतं, याचं. मावशी ११ पानांत कुठेच नव्हती.

"गाणं चोरणार तर नाहीत ना रे?" त्याने विचारलं.

"चोरायची गरजच काय? तूच सही करून देतोयस की."

तो हसला, मी पण हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. दोन दिवस मिळेल ते वाचत बसलो आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. गाण्यांच्या हक्कांचा इतिहास आपण चोरीचा इतिहास समजतो. पायरेटेड कॅसेट, एमपीथ्री, ढापलेल्या चाली वगैरे. पण ज्या गाण्यांनी गाणाऱ्यांना आणि रचणाऱ्यांना खरोखर कंगाल केलं, ती बहुतेक चोरीला गेली नव्हती. ती सहीने गेली. किंवा सहीसुद्धा न मागता, रीत म्हणून गेली.

*

सुरुवात आपल्याच घरातून करू. आपल्याकडे गाण्यावर हक्क सांगायची पद्धत कायद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. ती म्हणजे नाव गुंफणं. संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. नामदेव असोत, जनाबाई असोत, तुकोबा असोत, शेवटच्या चरणात कवी स्वतः हजर. अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातल्या नियामत खानाने 'सदारंग' हे नाव ख्यालांमध्ये असं विणून ठेवलं की आज अडीचशे-तीनशे वर्षांनीही गवई त्याचं नाव घेतल्याशिवाय ती चीज गाऊच शकत नाही. मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग आणि तालाबरोबर 'चाल' छापलेली असते, म्हणजे मूळ कुठल्या गाण्यावरून घेतली तेही. उचललं तर सांगून उचललं.

पण यात एक गोष्ट बघा. हे सगळं नावाबद्दल आहे. पैशांबद्दल काहीच नाही. राजाश्रय होता, देवस्थान होतं, नाटक कंपनीचा पगार होता. गाणं एकदा गायलं की हवेत विरून जायचं, त्यामुळे 'प्रत' विकण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो गाणं डबीत बंद करता यायला लागल्यावर.

नोव्हेंबर १९०२. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत तात्पुरता स्टुडिओ थाटून बसला होता. तिथे गौहर जान आली आणि कर्ण्यासमोर गायली. गाणं संपल्यावर तिने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. या मुद्रिका दाबून निघणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठली मुद्रिका कुणाची हे कळावं म्हणून ही सोय. म्हणजे ही पण एक नाममुद्राच, फक्त यंत्रासाठी. ग्रामोफोनच्या जमान्यातली आपली पहिली मोठी 'सेलिब्रिटी' ती. तिचा फोटो काडेपेट्यांवर छापला जायचा. आणि शेवटची वर्षं? म्हैसूर दरबारच्या पगारावर. १९३० मध्ये तिथेच गेली. मुद्रिका मात्र वाजत राहिल्या.

नाव राहिलं, पैसा नाही. हे दोन धागे वेगळे आहेत हे इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता पैशाचा धागा. हा धागा साखरेच्या पाण्यात भिजलेला आहे. :)

१८४७ साल, पॅरिस. शाँझेलिझेवर 'अँबासदर' नावाचा गाणंबजावणं चालणारा कॅफे होता. एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार मित्रांबरोबर तिथे बसून साखरपाणी पीत होता. (तेव्हा ते फॅशनेबल पेय होतं म्हणे.) समोर वाद्यवृंद त्याचंच गाणं वाजवत होता. बिल आलं. बुर्जे म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मी तुमच्या पाण्याचे देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि चक्क बुर्जे जिंकला. पण जिंकल्यावर दुसरी अडचण लक्षात आली. एकटा माणूस देशातल्या किती कॅफेंत जाऊन बसणार? म्हणून १८५१ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांनी मिळून 'सासेम' ही संस्था काढली. सगळ्यांच्या वतीने वसुली करायची आणि वाटून द्यायची. ती संस्था आजही चालू आहे.

बुर्जेने काय सिद्ध केलं? की गाणं वाजवणं हासुद्धा त्याचा वापर आहे आणि त्याचे पैसे रचणाऱ्याला मिळाले पाहिजेत. नुसती छापील प्रत विकली की हिशोब संपत नाही.

मग आली यंत्रं. अमेरिकेत स्वतः वाजणारे पियानो निघाले. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली, भोकांप्रमाणे सूर वाजणार. आपल्या भाषेत सांगायचं तर पंच केलेला प्रोग्रॅम. व्हाइट-स्मिथ या प्रकाशन कंपनीने अपोलो या रोल बनवणाऱ्या कंपनीवर खटला भरला. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रोल ही स्वरलिपीची 'प्रत' नाही, कारण माणसाला ती वाचता येत नाही, ती यंत्राचा भाग आहे! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. कारण बरोबर हाच युक्तिवाद पुढे ऑब्जेक्ट कोडबद्दल झाला. १९८३ च्या अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात अमेरिकी अपील कोर्टाने तो फेटाळला नसता तर आपल्या धंद्याचं चित्र वेगळंच असतं.

पियानो रोलच्या निकालावर अमेरिकी संसदेने दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, उपाय काढला. रोल काढा, तबकडी काढा, पण प्रत्येक प्रतीमागे रचणाऱ्याला २ सेंट द्या. इथून एक विभागणी पक्की होत गेली, जी आमच्या गिटारवाल्याला माहीतच नव्हती. खरं सांगायचं तर मलाही शनिवारपर्यंत नव्हती. ती अशी की गाणं ही एक वस्तू नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. शब्द आणि चाल म्हणजे सोर्स कोड. रेकॉर्डिंग म्हणजे त्याचं एक बिल्ड. त्याच सोर्सवरून उद्या दुसरं कुणी दुसरं बिल्ड काढू शकतं. आजही रेकॉर्डिंगला १२ अक्षरांचा एक क्रमांक मिळतो आणि रचनेला 'टी'ने सुरू होणारा दुसराच. दोन टेबलं, दोन प्रायमरी की. ज्याने सोर्स विकला त्याने पुढची सगळी बिल्डं विकली.

*

सोर्स विकला की काय होतं, याची सगळ्यात वाईट गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे.

सॉलोमन लिंडा हा झुलू गायक. जोहान्सबर्गला गॅलो कंपनीत तबकड्या बांधायच्या खात्यात कामाला. १९३९ मध्ये त्याने आपल्या साथीदारांबरोबर त्याच कंपनीच्या स्टुडिओत 'म्बुबे' (म्हणजे सिंह) हे गाणं रेकॉर्ड केलं. आफ्रिकेत ते तुफान चाललं. तबकडी अमेरिकेत पोचली, पीट सीगरच्या हाती लागली, आणि १९५२ च्या सुमारास 'विमोवे' म्हणून गाजली. १९६१ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द चढवून 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे डिस्नेच्या १९९४ च्या 'द लायन किंग' मध्येही तुम्ही-आम्ही ऐकलं. लहानपणी ते गाणं तोंडपाठ नव्हतं असा कुणी आहे का?

लिंडाने हक्क कितीला दिले होते? १० शिलिंग. १९६२ मध्ये तो गेला तेव्हा बँकेत जवळजवळ काहीच नव्हतं. थडग्यावर दगड बसवायला पुढची कितीतरी वर्षं घरच्यांकडे पैसे नव्हते. २००० साली रायन मलान या पत्रकाराने 'रोलिंग स्टोन' मध्ये ही सगळी कहाणी लिहिली. या गाण्याने एकूण किती कमावलं असेल, याचा त्याचा अंदाज होता दीड कोटी डॉलर.

कायद्याने बघितलं तर इथे चोरी सिद्ध करणं कठीण होतं. कागद होता, सही होती. मग मुलींना न्याय मिळाला कसा? तर १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमामुळे. लेखकाने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असं त्यात होतं. साम्राज्यातल्या देशांना हा कायदा लागू होता. म्हणजे १९८७ मध्येच हक्क घरी परतले होते, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच! वकील ओवेन डीन यांनी ते शोधलं, २००४ मध्ये डिस्नेवर दावा लागला आणि २००६ मध्ये समझोता झाला. मागचे पैसे आणि पुढचा वाटा, दोन्ही.

कायदा करणाऱ्याने कधीतरी असा विचार केला होता की माणूस अडचणीत असताना सही करतो, तर त्या सहीची ताकद थोडी कमी ठेवू. हे वाक्य पण लक्षात ठेवा.

*

आता आपल्याकडे या. तोच १९११ चा कायदा किरकोळ बदल करून भारतात १९१४ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर आपला स्वतःचा कायदा १९५७ चा, लागू झाला जानेवारी १९५८ पासून. आणि त्यात संगीताची व्याख्या काय होती माहितीय? सुरावट, पण छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखाटलेली. अहो, ज्या देशात गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जातं, त्या देशात चाल कागदावर नसेल तर ती चालच नाही! वाळकेश्वरात जन्मलेल्या पं. भातखंड्यांनी (ते पेशाने वकील होते, योगायोग बघा) आयुष्य घालवून घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, पण किती संगीतकार बाजाच्या पेटीवर चाल बांधताना स्वरलिपी लिहितात? आमचा गिटारवाला तर मोबाइलवर गुणगुणून ठेवतो. कागदाची ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. गाणाऱ्यांना 'कलाकाराचा हक्क' मिळाला तोही याच दुरुस्तीत. त्याआधी गायकाला स्वतःच्या गाण्यात कायद्याने काहीच नव्हतं.

म्हणूनच साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे म्हणून भांडण मांडलं, त्याचं मोल मोठं आहे. रफीसाहेबांचं मत होतं की निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. आपण ते 'अबोला' म्हणून गॉसिपसारखं चघळतो. प्रत्यक्षात तो १८४७ च्या पॅरिसमधल्याच प्रश्नाचा पुढचा भाग होता. एकदा पैसे दिले की हिशोब संपतो का?

१९६९ मध्ये आपल्याकडची 'सासेम' निघाली, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. तिने सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचे दर जाहीर केले आणि सिनेनिर्मात्यांनी हरकत घेतली. प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टात गेलं. १९७७ मध्ये निकाल लागला. निर्मात्याने मोबदला देऊन सिनेमासाठी गाणं करवून घेतलं असेल, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक निर्माता. संगीतकाराला सिनेमाच्या बाहेर आपलं गाणं सादर करण्याचा हक्क तेवढा राहतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला वेगळी टिपण जोडून गायकाला कायद्यात जागाच नाही याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेने याकडे बघावं असं सुचवलं.

हा निकाल वाचताना मला माझं ऑफर लेटर आठवलं. मी दिवसभर जो कोड लिहितो तो कंपनीचा, हे मला मान्य आहे. पण मला त्या बदल्यात महिन्याचा पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम मिळतो. संगीतकाराला मालकी जाण्याचा भाग नोकरदाराचा आणि बाकी सगळा भाग रोजंदारीचा. (जाता जाता, तुम्हीही शनिवार-रविवार गाणी करत असाल तर स्वतःचं ऑफर लेटर एकदा काढून वाचा. नोकरीत असताना केलेली 'प्रत्येक' निर्मिती कंपनीची, असं कलम काही करारांत असतं.)

पुढची ३५ वर्षं हा निकाल आणि त्यावर बेतलेले करार चालले. जावेद अख्तर २०१० मध्ये राज्यसभेवर आले आणि त्यांनी हा विषय लावून धरला. मे २०१२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली, २१ जूनपासून लागू. तिच्यात एक फार साधी आणि फार मोठी गोष्ट आहे. गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट विकू शकतात, पण गाण्याच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा विकू शकत नाहीत. सोडूनही देऊ शकत नाहीत. तो फक्त वारसांना किंवा वसुली करणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. उलट करार केला तर तेवढा करार रद्दबातल. सिनेमाच्या गाण्यांना हे लागू आहेच (थिएटरात सिनेमा दाखवणं तेवढं सोडून), पण सिनेमात नसलेल्या, नुसत्या रेकॉर्ड केलेल्या गाण्यांनाही लागू आहे. म्हणजे आमच्या गिटारवाल्यालाही. आणि मावशीलाही.

१९११ मध्ये जो विचार होता तोच पुन्हा आला, वेगळ्या वाटेने. अडलेल्या माणसाच्या सहीपासून त्याचं थोडं तरी वाचवायचं.

*

आता 'संपूर्ण विश्वात, कायमचे' हे का लिहितात ते सांगतो. हे कोडं सुटलं तेव्हा मला एखादा जुना बग सापडल्यासारखा आनंद झाला.

कायद्यात डिफॉल्ट व्हॅल्यू आहेत! हक्क दिल्याचा करार लेखी आणि सही केलेला हवा, नाही तर तो करारच नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा नेमका उल्लेख नसेल तर ते करारात येत नाही. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर कायदा तुमच्या बाजूने झुकतो. म्हणून समोरचा गप्प राहत नाही. तो प्रत्येक पॅरामीटर स्वतः भरून पाठवतो. मुदत कायम, प्रदेश विश्व. आपण त्या खाली सही करतो.

दुसरा गैरसमज रजिस्ट्रेशनचा. "अरे, मी कॉपीराइट काढलाच नाहीये, मग माझं काय असणार?" असं तो मला म्हणाला होता. कॉपीराइट काढावा लागत नाही. रचना झाली त्या क्षणी तो असतो. बर्न करारातल्या देशांनी कुठल्याही उपचाराची अट नको हे १९०८ मध्येच मान्य केलं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोयाबीन तेलाच्या पिशवीवरच्या लेबलाच्या वादात हेच पुन्हा स्पष्ट केलं, की नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी हा चांगला पुरावा असतो आणि शब्द किंवा चाल यांची २०१३ च्या नियमांतली फी ५०० रुपये आहे, रेकॉर्डिंगची २,०००. त्याशिवाय मोबाइलमधली पहिली गुणगुण, मावशीने पाठवलेले शब्दांचे मेसेज, प्रोजेक्ट फाइलच्या तारखा, हे सगळं जपून ठेवायचं. आपण कोडचा प्रत्येक कमिट जपतो, मग गाण्याचा का नाही?

मर्यादाही सांगतो. राग कुणाच्या बापाचा नाही. यमन, भैरवी, चार कॉर्डची साखळी यावर हक्क नसतो, त्यातून तुम्ही बांधलेल्या नेमक्या चालीवर असतो. आणि कायद्यात वाटा लिहिला म्हणजे तो आपोआप खात्यात येतो असंही नाही. त्यासाठी सोसायटीचं सभासद व्हावं लागतं, प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते, कुणाचे शब्द, कुणाची चाल, किती टक्के हे भरावं लागतं. तो रकाना रिकामा ठेवला तर पैसे कुठे जाणार? जिथे नाव आहे तिथे.

इथे ते दोन धागे एकत्र येतात. अभंगातली नाममुद्रा आणि बुर्जेचं बिल. नाव हा मानाचा विषय आणि पैसा हा व्यवहाराचा, असं आपण समजत होतो. आज पैसा नावाच्याच मागे जातो, कारण वाटप यंत्र करतं आणि यंत्राला रकान्यात लिहिलेलंच दिसतं. गौहर जानला हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी नाव सांगावं लागलं होतं, तसंच. आणि आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमाप्रमाणे, सगळा कॉपीराइट विकला तरी 'हे मी केलंय' असं सांगायचा हक्क निर्मात्याकडेच राहतो.

*

रविवारी संध्याकाळी मी हे सगळं त्याला सांगितलं. आम्ही तीन बदल लिहून काढले. एक, गीतकार म्हणून मावशीचं नाव. दोन, शब्द आणि चाल द्यायची नाही, फक्त या रेकॉर्डिंगचे हक्क ५ वर्षांसाठी. तीन, रॉयल्टीच्या वाट्याचं एक वाक्य. सोमवारी मेल गेली. मंगळवारी उत्तर आलं, हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, त्यात बदल होत नाहीत, पुढच्या बुधवारपर्यंत कळवा.

त्याची चिडचिड झाली. माझ्यावरही. "तुझं सगळं बरोबर आहे रे, पण स्टुडिओवाल्याला काय देऊ, तुझं ५७वं कलम?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिंडाकडेही नव्हतं. १० शिलिंग घेताना तो मूर्ख नव्हता, त्याला त्या दिवशी १० शिलिंग हवे होते.

मग त्याने वाईला फोन लावला. स्पीकरवर. सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पैशांचं तू बघ बाबा, मला त्यातलं कळत नाही. पण पोरांना चाळीस वर्षं सांगत आले, कवितेखाली कवीचं नाव लिहा, नाही तर अर्धा मार्क कापीन. माझंच नाव नसेल तर कसं रे?"

त्या रात्री आम्ही एक पान लिहिलं. गाण्याचं नाव, शब्द मावशीचे, चाल भाच्याची, जे येईल ते निम्मं-निम्मं, खाली तारीख. काल तो वाईला जाऊन तिची सही घेऊन आला. चार गाणी झाली दोघांची मिळून, आणि त्यांच्यातला हा पहिला कागद.

कंपनीच्या कागदावर अजून सही केलेली नाही. स्टुडिओचं बिलही अजून बाकी आहे. निम्मे पैसे मी उसने देतोय, निम्म्यासाठी तो गिटार विकायचं म्हणत होता, ते आम्ही हाणून पाडलं. बुधवारी काय होतं ते बघू.